फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांच्या ग्रंथांचा प्रवास

ग्रंथ लिहून झाला म्हणजे तो लागलाच लोकांच्या हातीं पडतो, असें ज्यांनीं कधीं ग्रंथ लिहिला नाहीं त्यांस वाटत असतें. लेखणी खालीं ठेविल्यावरच खरा प्रवास सुरू होतो, हें लेखकांस व मुद्रकांस मात्र पक्कें ठाऊक असतें. परवानगी मिळवावी लागते, द्रव्य जमवावें लागतें, खिळे जुळवावे लागतात, मुद्रितें तपासावीं लागतात. आणि इतकें होऊनहि एखादा ग्रंथ लेखकाच्या हयातींत बाहेर पडतो, एखादा त्याच्या मागें पडतो, तर एखादा केवळ हातानें नकलून घेतलेल्या पोथ्यांच्या रूपानें पिढ्यान् पिढ्या जगतो. या तिन्ही वाटा ज्या एकाच पुरुषाच्या लेखनानें तुडविल्या, असे एक थोर धर्मगुरु आपल्या समाजाच्या पूर्वेतिहासांत होऊन गेले. ते म्हणजे ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं त्यांचें चरित्र, विशेषतः त्यांच्या ग्रंथांचें चरित्र, वाचकांस सादर करावें असें आम्हीं योजिलें आहे.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन नांवाच्या गांवीं झाला. त्यांच्या वडिलांचें नांवहि थॉमसच होतें व ते लंडन शहरीं व्यापार करीत. मुलाचें शिक्षण विंचेस्टर येथील प्रसिद्ध विद्यालयांत झालें. इंग्लंडांत त्या काळीं राणी एलिझाबेथ हिचें राज्य होतें आणि कॅथोलिक धर्म उघडपणें पाळणें धोक्याचें झालें होतें. स्टीफन्स यांचे एक स्नेही थॉमस पाउंड नांवाचे संपन्न गृहस्थ होते. दोघांनीं मिळून रोमला जावें व येशूसंघांत प्रवेश करावा असा त्यांनीं निश्चय केला. परंतु पाउंड यांस सरकारी अधिकाऱ्यांनीं पकडलें, आणि त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. एका मित्रास बंदिवास व दुसऱ्यास परदेशवास, असा ईश्वरी योजनेनें त्या दोघांचा वांटा ठरला.

हिंदुस्थानांत जाण्याची स्टीफन्स यांची विनंति मान्य झाली आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच गलबतांच्या तांड्याबरोबर ते निघाले. आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून जाणारा हा प्रवास जवळजवळ सात महिन्यांचा झाला. वाटेंत रोगराई पसरली व सत्तावीस माणसें दगावलीं. तरी इतर खेपांच्या मानानें ही हानि थोडीच समजली गेली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले. पुढें थोड्याच दिवसांनीं, १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं या प्रवासाची सविस्तर हकीकत वडिलांस पत्रानें कळविली. तें खासगी पत्र रिचर्ड हॅकलुइट या संग्राहकाच्या हातीं पडलें आणि त्याच शतकाच्या अखेरीस त्याच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहांत छापून निघालें. ज्या लेखनास प्रसिद्धि मिळावी म्हणून लेखकानें बोटहि उचललें नाहीं, तें सर्वांच्या आधीं छापलें गेलें. आणि ज्यासाठीं त्यानें आयुष्य वेंचलें, त्यास किती काळ लागला तें पुढें दिसेलच.

गोव्यांत आल्यावर फादर स्टीफन्स यांची नेमणूक साष्टी महालांत झाली. ही साष्टी मुंबईलगतची नव्हे, तर मडगांव व रायतूर हीं ठिकाणें जींत आहेत ती गोव्याची साष्टी होय. मध्यंतरींचा थोडा काळ सोडल्यास त्यांचीं उरलेलीं चाळीस वर्षें याच मुलखांत गेलीं. तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं, येथील लोकांचे जुने ग्रंथ नष्ट करविले होते, आणि त्यामुळें लोकांच्या मनांत क्षोभ साठला होता. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह परत मिळविण्याच्या कामीं फादर स्टीफन्स यांनीं भाग घेतला. आपल्या सोबत्यांचे छिन्न देह पाहून दुसरा एखादा त्या लोकांकडे कायमची पाठ फिरविता. या पुरुषानें त्याच लोकांची भाषा अधिक निष्ठेनें शिकण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच व त्याचे इंग्रज सोबती गोव्यांत कैद झाले, तेव्हां त्यांची सुटका करविण्यासाठीहि फादर स्टीफन्स यांनीं खटपट केली. ते इंग्रज त्यांच्या धर्मपंथाचे नव्हते. पण संकटांत सांपडलेल्या माणसास त्यांनीं पंथ विचारला नाहीं.

१५८३ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या रिचर्ड नांवाच्या भावास लॅटिन भाषेंत पत्र लिहिलें. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन या भाषांसारखी आहे, असें त्यांनीं त्यांत नमूद केलें. हाच विचार पुढें १७८६ सालीं सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास मांडला व त्यांतून भाषाशास्त्राची नवी शाखा उदयास आली. फादर स्टीफन्स यांस ती गोष्ट दोनशें वर्षें आधीं दिसली होती. परंतु त्यांचें पत्र दप्तरांतच पडून राहिलें व विसाव्या शतकांत प्रसिद्ध झालें. वडिलांस लिहिलेलें पत्र लौकर छापलें गेलें, भावास लिहिलेल्या पत्रास साडेतीनशें वर्षांहून अधिक थांबावें लागलें. लेखनाचें दैव हें असें असतें.

आतां मुख्य ग्रंथाकडे वळूं. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या घरीं पूर्वीं पुराणें वाचिलीं जात, ओव्या गाइल्या जात. बाप्तिस्म्यानंतर तीं पुराणें सुटलीं. पण त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. संध्याकाळीं घरांत बसून काय वाचावें, मुलांस काय ऐकवावें, हा प्रश्न त्या लोकांच्या मनांत सलत होता. एका ब्राह्मण नवख्रिस्त्यानें तो बोलून दाखविला, असें ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच सांगितलें आहे. फादर स्टीफन्स यांनीं ती मागणी कानाआड केली नाहीं. ज्ञानेश्वरमहाराजांपासून चालत आलेला, आणि फादर स्टीफन्स यांच्याच काळीं पैठणास एकनाथमहाराज ज्यांत रचना करीत होते, तो ओवीछंद त्यांनीं आत्मसात् केला आणि त्यांत जगाच्या उत्पत्तीपासून प्रभु येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा गुंफिली. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा असून त्याचे ३६ अध्याय आहेत. दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र असून त्याचे ५९ अध्याय आहेत. अध्यायास तेथें अवस्वर असें म्हटलें आहे. सर्व मिळून ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरांत जाते. भाषा मराठी ठेवून सामान्य जनांस समजावें म्हणून तिच्यांत तेथील बोलींतले सोपे शब्द मिसळले आहेत. मराठी भाषेच्या थोरवीच्या ज्या ओव्या या ग्रंथांत आहेत, त्या आज शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतात.

ग्रंथ १६१४ सालीं पूर्ण झाला. म्हणजे गोव्यास पाऊल लागल्यापासून पस्तीस वर्षांनीं. ग्रंथ किती काळांत लिहिला जातो, या प्रश्नाचें एक उत्तर येथेंच मिळतें. अगोदर भाषा कानांत मुरावी लागली, मग तिच्या जुन्या काव्यांचा अभ्यास करावा लागला, आणि मग महालांतील धर्मकार्य, प्रवास, तंटे मिटविणें, आजाऱ्यांस भेटणें हें सर्व सांभाळून ओवी ओवीनें हें काम सिद्धीस न्यावें लागलें.

पण छापावें कोठें व कोणत्या अक्षरांत? हिंदुस्थानांत छापखाना प्रथम आला तो गोव्यासच, ६ सप्टेंबर १५५६ रोजीं. वास्तविक तो ॲबिसिनिया देशासाठीं पाठविला होता. परंतु तो पुढें न जातां गोव्यासच राहिला. तेथें लॅटिन अक्षरांचे खिळे होते. मलबाराकडे येशूसंघाच्या मंडळींनीं तमिळ अक्षरांचे खिळे पाडवून १५७८ सालीं कोल्लम येथें तमिळ धर्मशिक्षणाचें पुस्तक छापिलें होतें. आपल्या लोकांसहि त्यांच्याच लिपींत छापलेलें पुस्तक मिळावें, ही फादर स्टीफन्स यांची तळमळ होती. १६०८ सालीं त्यांनीं संघाचे रोम येथील मुख्याधिपति फादर क्लॉडिओ अक्वाविवा यांस या बाबतींत पत्र लिहिलें. हे क्लॉडिओ म्हणजे कुंकळ्ळीच्या रुडॉल्फ यांचे चुलते. पत्रांत त्यांनीं अडचणी दोन सांगितल्या. पहिली अशी कीं, युरोपांत चोवीस अक्षरांनीं भागतें, तर येथें जोडाक्षरें व स्वरचिन्हें धरून सुमारें सहाशें सांचे घडवावे लागतील, आणि तें लोकांस अशक्य वाटे. दुसरी अशी कीं, प्रांतप्रमुखाच्या आज्ञेवांचून व आश्रयावांचून हें काम होणें नाहीं, आणि त्या प्रमुखास इतर कामांतून सवडच मिळत नाहीं. ज्यांनीं कधीं एखादें पुस्तक छापून घेतलें आहे, त्यांस या दोन्ही अडचणी ओळखीच्या वाटतील: एक कारागिराच्या टेबलावरची आणि दुसरी अधिकाऱ्याच्या टेबलावरची.

ती इच्छा सफल झाली नाहीं. देवनागरी खिळ्यांनीं छापलेलें मराठी भाषेचें व्याकरण बंगालांतील सेरामपूर येथें १८०५ सालीं निघालें. म्हणजे त्या पत्रानंतर १९७ वर्षांनीं. फादर स्टीफन्स यांनीं मात्र लिपीसाठीं ग्रंथ अडवून धरिला नाहीं. मराठी उच्चार रोमन अक्षरांत उतरविण्याची रीत त्या मंडळींनीं बसविली. ट, ड, ण यांसारख्या मूर्धन्य वर्णांसाठीं तेंच रोमन अक्षर दोनदां लिहावें असें ठरलें. उत्तम साधन मिळेपर्यंत थांबावें, कीं हातीं आहे त्या साधनानें भुकेल्याचें पोट भरावें, असा प्रश्न होता. त्यांनीं दुसरा मार्ग पत्करला आणि तो योग्यच होता असें आम्हांस वाटतें.

त्यानंतर परवान्यांची पाळी आली. संघाच्या वडिलांनीं ग्रंथ तपासावयाचा, धर्मन्यायालयानें म्हणजे इन्क्विझिशननें संमति द्यावयाची, आणि आर्चबिशपांच्या अधिकारानें त्यावर मोहोर व्हावयाची. या सर्व उंबरठ्यांवरून जाऊन १६१६ सालीं रायतूर येथील येशूसंघाच्या सर्वसंत विद्यालयांत ग्रंथ छापून निघाला. मुखपृष्ठावर नांव पोर्तुगीज भाषेंत होतें. पण आंतील वाणी मराठी होती. लेखन पूर्ण झाल्यापासून छपाईपर्यंत दोन वर्षें गेलीं. अकरा हजार ओव्या, तीन अधिकाऱ्यांची तपासणी आणि परक्या लिपींत एकेक खिळा हातानें जुळविणें, हें ध्यानांत घेतां तीं दोन वर्षें जास्त नव्हत. वाट लांब होती ती त्यापूर्वींची व त्यानंतरची.

१६१९ सालीं, वयाच्या सुमारें सत्तराव्या वर्षीं, फादर स्टीफन्स गोव्यांत निवर्तले. आपला मुख्य ग्रंथ छापलेला पाहण्याचें भाग्य त्यांस तीन वर्षें लाभलें. परंतु त्यांचीं दुसरीं दोन पुस्तकें हस्तलिखितांतच होतीं. त्यांपैकीं कोंकणी भाषेंतील धर्मशिक्षणाचें पुस्तक १६२२ सालीं रायतूर येथें छापिलें गेलें. त्यास तीन वर्षें लागलीं. दुसरें कोंकणी भाषेचें व्याकरण. तें फादर दियोगु रिबैरु यांनीं वाढविलें, आणखी चार धर्मगुरूंनीं तपासलें, आणि १६४० सालीं तें रायतुरास प्रसिद्ध झालें. लेखकाच्या मृत्यूस तेव्हां एकवीस वर्षें होऊन गेलीं होतीं. हिंदी भाषांपैकीं एखाद्या भाषेचें छापलेलें व्याकरण म्हणून त्यास पहिल्या स्थानाचा मान दिला जातो. येथें आम्हांस विशेष वाटतें तें त्या पाठीमागून आलेल्यांचें. दुसऱ्याचें अपुरें काम हातीं घ्यावें, त्यांत भर घालावी, आणि मथळ्यावर नांव मूळ लेखकाचें ठेवावें, ही निःस्पृहता सोपी नव्हे. दोनशें सतरा वर्षांनीं, १८५७ सालीं, कुन्य रिव्हार या पोर्तुगीज विद्वानानें तेंच व्याकरण नव्या गोव्यास पुन्हां छापून विद्वानांच्या नजरेस आणिलें.

ख्रिस्तपुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. दुसऱ्या आवृत्तीस तेहतीस वर्षें लागलीं, पण तिसरीस केवळ पांच. यावरून लोकांची मागणी किती वाढली होती हें दिसून येतें. आणि येथेंच छपाईची वाट बंद झाली. गोव्यांतील छापखाने १६७४ च्या सुमारास थंडावले, ते १८२१ पर्यंत पुन्हां चालले नाहींत. मध्यंतरीं २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनीं हुकूम काढिला कीं, येथील लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलूं लागावें. ज्या भाषेची थोरवी फादर स्टीफन्स यांनीं गाइली, तीच भाषा आतां राजाज्ञेनें त्याज्य ठरली. ज्या सत्तेच्या आश्रयानें ग्रंथ छापला गेला, तिनेंच त्याच्या वाचकांच्या जिभेवर बंधन घातलें, हें सत्य आम्हीं झांकून ठेवूं इच्छीत नाहीं.

मग ग्रंथ जगला कसा? तो सामान्य श्रद्धावंतांनीं जगविला. त्यांनीं तो हातानें उतरून घेतला. दिवसास चाळीस ओव्या नकलल्या, तरी सारा ग्रंथ उतरण्यास नऊ महिने लागतात. आणि हें काम कोणीं वेतन घेऊन नव्हे, तर बहुधा भक्तीनें केलें. अशा पोथ्या घराघरांतून वाचिल्या गेल्या. गोव्याहून जीं ख्रिस्ती कुटुंबें कानडा मुलखांत मंगळूरकडे गेलीं, त्यांनीं आपल्या सामानाबरोबर त्या नेल्या. १७८४ सालीं टिपू सुलतानानें तेथील ख्रिस्ती लोकांस कैद करून श्रीरंगपट्टणास नेलें व १७९९ पर्यंत ते बंदिवासांत राहिले. त्या काळांत ना चर्च होतें ना धर्मगुरु. तेव्हां या पुराणाच्या वाचनानें त्यांस धीर दिला, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. विंचेस्टरला शिकलेल्या एका इंग्रजानें साष्टींतील शेतकऱ्यांसाठीं रचिलेल्या ओव्या पावणेदोनशें वर्षांनीं म्हैसूरच्या बंदिवानांचे अश्रु पुसण्यास कामीं आल्या.

अशाच हस्तलिखित पोथ्या ताडून पाहून जोसेफ साल्दान्य यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ख्रिस्तपुराणाची रोमन लिपींतील आवृत्ति प्रसिद्ध केली. तिसऱ्या व या चौथ्या आवृत्तींत २५३ वर्षांचें अंतर पडलें. पुढें जस्टिन ॲबट या मराठीच्या अभ्यासकांस लंडन येथें विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांत या पुराणाची देवनागरी लिपींतील पोथी आढळली व १९२३ सालीं त्यांनीं ती जगास कळविली. हाच मूळ पाठ असावा असें त्यांनीं प्रतिपादिलें. विद्वानांचें त्यावर एकमत नाहीं. पण कोणीतरी, केव्हांतरी, फादर स्टीफन्स यांची अपुरी राहिलेली इच्छा बोरूनें पुरी केली होती, एवढें तरी त्या पोथीवरून निश्चित होतें. देवनागरी खिळ्यांनीं छापलेलें ख्रिस्तपुराण मराठी वाचकांच्या हातीं आलें तें १९५६ सालीं, पुणें येथें, श्री. शांताराम बंडेलू यांच्या संपादनानें. पहिल्या छपाईपासून तेव्हां ३४० वर्षें लोटलीं होतीं. त्यानंतर २००९ सालीं फादर नेल्सन फालकाव यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्तीहि निघाली. गोव्यांत पर्वरी येथील कोंकणी भाषेच्या संशोधनकेंद्रास फादर स्टीफन्स यांचेंच नांव दिलेलें आहे.

वाचकहो, आतां या तिन्ही वाटांचा हिशेब पाहूं. छापखान्याची वाट सर्वांत जलद. तीस दोन वर्षें पुरलीं. मित्रांच्या व शिष्यांच्या हातची वाट मधली. तीस एके ठिकाणीं तीन व दुसऱ्या ठिकाणीं एकवीस वर्षें लागलीं. आणि श्रद्धावंतांच्या बोरूची वाट सर्वांत संथ. ती अडीचशें वर्षें चालली. परंतु आश्चर्य हें कीं, १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जी वाट सर्वांत वेगाची ती पुसून गेली. जी सर्वांत संथ, तिनेंच ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोंचविला. वाळवी, दमट हवा आणि राजाज्ञा यांच्यापुढें शेंकडों छापील प्रती टिकल्या नाहींत; टिकल्या त्या ज्यांवर कोणाचें तरी प्रेम होतें.

यांतून आपण कांहीं शिकावें, अशी आमची प्रार्थना आहे. आपल्याहि जुन्या घरांतील पेट्यांत आजोबांच्या हातच्या प्रार्थनांच्या वह्या असतील, लग्नांतील गीतें उतरून ठेविलेलीं असतील, चर्चच्या सणांचे हिशेब असतील. तीं जीर्ण पानें कोणाच्या उपयोगाचीं, असें म्हणून कृपा करून चुलींत घालूं नका. ज्यांस अक्षर बरें आहे त्यांनीं तीं उतरून घ्यावीं. ज्यांच्या घरीं मुलें शिकलेलीं आहेत त्यांनीं त्यांजकडून वाचून घ्यावीं. आणि ज्यांस हें शक्य नाहीं त्यांनीं तीं चर्चच्या दप्तरांत आणून द्यावीं. आणि आपल्या घरीं ख्रिस्तपुराण नसेल तर या महोत्सवाच्या वर्षांत तें आणावें, व उपवासकाळांत रोज रात्रीं जेवणानंतर त्याच्या थोड्या ओव्या मोठ्यानें वाचाव्या. ज्या लोकांनीं संध्याकाळीं काय वाचावें असें विचारलें होतें, ते आपलेच पूर्वज होत. आणि त्यांस मिळालेलें उत्तर आपल्यासाठींहि आहे.

पेरणाऱ्यानें पेरावें, पीक कोणत्या हंगामांत यावें हें त्याच्या हातीं नसतें. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं चाळीस वर्षें पेरलें, तीन वर्षें थोडें उगवलेलें पाहिलें, आणि ते शांतपणें निघून गेले. पीक आपण खात आहों. परमेश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांति देवो, आणि तीं पानें जपण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो.